मागच्या भिंतीचा त्रिकोण

१४ जानेवारी

पहाटे कडा पुन्हा ढासळला. आवाज फार नव्हता, कोणी ओली पोती खाली टाकावीत तसा. उजाडल्यावर बघितलं तर कोंबड्यांचं खुराडं खाली किनाऱ्यावर, दगडांत तोंड खुपसून पडलेलं. कोंबड्या हिवाळ्यापासून शेजारच्या त्रान्सितोकडे आहेत म्हणून वाचल्या. मागच्या खोलीच्या खिडकीतून पूर्वी गवत दिसायचं, त्यापुढं बटाट्यांचे वाफे. आता थेट पाणी दिसतं.

दुपारी बेलार्मिनो भावजी आले. माझ्या नवऱ्याचे, फिलिदोरचे, धाकटे भाऊ. एरवी टोपी हातात धरून दारातच उभे राहतात आणि ‘बरं आहे ना वहिनी’ एवढंच म्हणतात. आज आत येऊन बसले.

“वहिनी, आता बास झालं. येत्या हिवाळ्यात हे घर पाण्यात जाणार, आणि तुम्ही त्यात असाल.”

“मग कुठं जाऊ? पुएर्तो माँत शहरात, लेकीच्या तिसऱ्या मजल्यावर?”

“तुम्ही कशाला जाताय? घरच नेऊ. चॅपेलच्या वरची माझी जागा पडून आहे. बैल लावू, ओढू.”

घर ओढून नेणं आमच्या चिलोए बेटावर काही नवीन नाही. इथं लोक जमीन बदलतात, घर बदलत नाहीत. फिलिदोरनेच किती घरं आतून आवळून दिली होती ओढण्यासाठी, आणि भावजी त्याच्याच हाताखाली शिकले. पण ती दुसऱ्यांची घरं होती. हे घर त्याने आमच्या लग्नाच्या वर्षी उभं केलं, मागची उतरत्या छपराची खोली नंतर जोडली. मला सारखं वाटतंय की जागेवरून हललं की ते वाळल्या पावासारखं मोडेल. कोणाला सांगितलं तर ‘म्हातारी घाबरली’ म्हणतील, म्हणून इथं लिहून ठेवते.

१८ जानेवारी

भावजींनी कोळशाने भिंतींवर रेघा मारून तिरकी लाकडं कुठं ठोकायची ते दाखवलं. ओढताना घर पिळवटू नये म्हणून ही लाकडं. मोठ्या भिंतींना लांब, कोपऱ्यांत आखूड. जिकडं बघावं तिकडं त्रिकोण.

“त्रिकोणच का?” मी विचारलं.

“दादा असंच करायचा.”

एवढ्याने माझं समाधान होईना. गावची शाळा बंद झाली तेव्हा मास्तरीणबाईंनी विचारलं होतं, ही पुस्तकं कोणी नेता का. कोणी पुढं येईना, तेव्हा मी दोन पोती भरून आणली. मी शाळेत गेलेली नाही. पिठाच्या पोत्यांवरची अक्षरं, औषधांच्या बाटल्या, चॅपेलमधली प्रार्थनेची चोपडी, असं करत वाचायला शिकले. फिलिदोर म्हणायचा, ही बाई मिठाची पुडीसुद्धा वाचल्याशिवाय उघडत नाही.

आज त्या पोत्यांतून भूमितीचं पुस्तक शोधून काढलं. त्रिकोणांचं पान आहे. बाजूंवरून तीन जाती: तिन्ही बाजू सारख्या तो समभुज, दोन सारख्या तो समद्विभुज, एकही कोणासारखी नाही तो विषमभुज. सुतळी घेऊन घरभर फिरले. समोरच्या दर्शनी छपराच्या दोन्ही उतरणी मोजल्या. सुतळीत बोटभरही फरक नाही. समद्विभुज. वाचून जरा बरं वाटलं. निदान काहीतरी ठाऊक झालं.

२१ जानेवारी

बरं वाटणं टिकलं नाही. पुढच्या पानावर पुन्हा तीन जाती, यावेळी कोनांवरून. तिन्ही कोन काटकोनाहून लहान तो लघुकोन त्रिकोण. एक कोन सुताराच्या गुण्यासारखा सरळ उभा तो काटकोन त्रिकोण. एक कोन त्याहून मोठा, पसरट, तो विशालकोन त्रिकोण.

भांड्यांच्या फळीखालचा आधार मी परवा विषमभुज ठरवला होता. आज तोच काटकोन निघाला. मग तो आहे तरी कोण? एकदा एखाद्याला नाव दिलं की संपलं पाहिजे. दोन-दोन नावं घेऊन फिरणारी वस्तू मला बरी वाटत नाही.

त्रान्सितो अंडी घेऊन आली तेव्हा तिला दाखवलं. तिने पुस्तक उलटं धरलं, सुलटं धरलं.

“अगं ओर्फेलिना, यात डोकं फोडण्यासारखं काय आहे? मी बेर्नाबेची बहीण आहे, आल्बाची आई आहे आणि तुझी डोकेदुखी आहे. तिन्ही एकदम आहे ना? मी कधी तक्रार केली?”

“तू माणूस आहेस.”

“हे आज पहिल्यांदा कबूल केलंस.”

ती गेल्यावर मागची खोली झाडली. तिथल्या बाजूच्या भिंतीला फिलिदोर शेवटची दोन वर्षं पाठ टेकून बसायचा, छातीच्या दुखण्यामुळे आडवं होता यायचं नाही. फळ्यांवर त्याच्या डोक्याचा तेलकट डाग आहे. साबणाने घासायचा राहूनच गेला आहे.

२५ जानेवारी

त्रान्सितोच्या विणायच्या सुया मागून आणल्या आणि टेबलावर त्रिकोण मांडत बसले. कोणत्या बाजूंबरोबर कोणते कोन जमतात ते बघायचं होतं. तीन सारख्या सुया घेतल्या की एकच आकार होतो, कसाही फिरवा. त्यात काटकोन येत नाही, पसरट कोनही येत नाही. पाऊण तास खटपट केली. एक सुई वाकली, त्यावर ती बोलणारच आहे. दोन सारख्या बाजू मात्र सगळ्या कोनांशी जमवून घेतात. विषमभुजाचं तर कोणाशीच वाकडं नाही. म्हणजे तीन गुणिले तीन नऊ जाती व्हायला हव्यात, पण होतात सातच.

पुस्तकात विशालकोनाचं चित्र घराच्या छपरासारखं काढलं आहे. इथं असं पसरट छप्पर कोणी घातलं तर पाऊस आत येऊन चुलीपाशी बसेल.

मग माझ्या डोक्यात आलं की ज्याचं सगळं सारखं तो त्रिकोण सगळ्यांत मजबूत असणार. त्याखालोखाल समद्विभुज, मग काटकोन, कारण सुतार त्याच्यावर विश्वास ठेवतात. आणि ज्याची एकही बाजू दुसरीसारखी नाही, वर कोनही पसरट, तो सगळ्यांत कच्चा. पुस्तकात असं लिहिलेलं नाही. पण लेखकाला कुठं घर ओढायचं होतं?

२९ जानेवारी

विनवणीला निघाले. घर ओढायचं असलं की मालकाने स्वतः दारोदार जाऊन मदत मागायची, निरोप पाठवून चालत नाही. यालाच मिंगा म्हणतात. कोणी मजुरी घेत नाही, पण दिवसभर सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. पूर्वी हे बोलणं फिलिदोर करायचा, मी मागं उभी राहून मान हलवायचे. आज पहिल्या दारात माझा आवाजच फुटेना. घरातल्या म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून आधीच सांगून टाकलं, “दोन बैल आणि दोन जावई. बैल कामाचे आहेत.”

पुढच्या घरी विचारलं, कुरांतो करणार ना? खड्ड्यात तापल्या दगडांवर शिंपले, मांस, बटाटे सगळं वाफवायचं. करणार म्हटलं. “मग आम्ही येणारच होतो, तुम्ही कशाला चिखल तुडवत आलात?”

सगळ्यांनी हो म्हटलं. पंधरा फेब्रुवारी ठरली. आता मागं फिरता येत नाही. एकदा विनवणी झाली की दिवस मोडणं म्हणजे सगळ्यांच्या तोंडावर दार लावणं. लोकांनी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, असाच विचार परतीच्या वाटेवर करत होते. त्याला विचार तरी कसं म्हणावं, इच्छाच होती ती.

४ फेब्रुवारी

आज भावजी लाकडं ठोकायला आले. समोरची खोली झाली, स्वयंपाकघर झालं. प्रत्येक लाकूड लागलं की मी सुतळीने मोजून खडूने त्यावर जात लिहीत होते. भावजींना गंमत वाटत होती. “याचं काय नाव ठेवलं वहिनी?” म्हणून दर वेळी विचारायचे.

मग ते मागच्या खोलीत गेले आणि बाजूच्या भिंतीला लाकूड लावून बघू लागले. तिथं छप्पर खाली उतरत येतं, त्यामुळे बुटका खांब आणि वरचा वासा यांच्यामध्ये पसरट कोन होतो. लाकूड खांबाच्या तळापासून वाशापर्यंत, भिंतीच्या फळ्यांवरून तिरकं जाणार आणि मधे फळ्यांनाही ठोकणार. मी सुतळी लावली. एकही बाजू सारखी नाही.

“इथं नको,” मी म्हटलं. “हा विशालकोन आहे आणि विषमभुजही आहे. दोन्हीकडून कच्चा.”

“वहिनी, लाकडाला कुठं माहीत असतं त्याचं नाव काय?”

“मला माहीत आहे ना.”

“सगळ्यांत हलकी बांधणी या खोलीचीच आहे. नंतर जोडलेली आहे. ही भिंत मोकळी ठेवून घर ओढायचं म्हणजे...”

“दुसऱ्या भिंतींना दोन-दोन लावा.”

“दुसऱ्या भिंतींचा काय संबंध?”

“घर माझं आहे, भावजी.”

एवढं तोडून मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी हातोडा खाली ठेवला. भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बरं,” म्हणाले आणि लाकूड उचलून बाहेर ओसरीत ठेवलं. चहाला थांबले नाहीत.

माझं बरोबरच आहे. कच्च्या जागी खिळे मारून फळ्या मात्र फुटतील.

६ फेब्रुवारी

भावजी पुन्हा आले. टेबलावर चार पट्ट्या ठेवल्या, कोपऱ्यांत एकेक खिळा मारून चौकट केली. बोटाने ढकलली तर ती लगेच तिरकी होऊन आडवी झाली. मग त्यांनी एक वेडीवाकडी पट्टी उचलली, कुठल्या कोपऱ्यापासून नाही की कुठल्या मध्यापासून नाही, त्या तिरक्या चौकटीच्या पसरट कोपऱ्यातल्या दोन बाजूंना मनाला येईल तशी आडवी ठोकली. “आता ढकला.”

ढकलली. हलली नाही. दोन्ही हातांनी ढकलली. टेबल सरकलं, चौकट तशीच.

“कोणत्या जातीचा त्रिकोण झाला हा?” त्यांनी विचारलं.

मी बघितलं. विशालकोन, विषमभुज.

“तीन बाजू पक्क्या ठोकल्या की झालं, वहिनी. मग सुंदर असो नाहीतर वाकडा.”

मी म्हटलं, ही लहान आहे. घर मोठं आहे. त्यांनी चौकट तिथंच ठेवली आणि गेले. मी ती कपाटामागे सरकवली, सारखी नजरेसमोर येत होती.

१२ फेब्रुवारी

झोप लागत नाही. दिवसभर कामं आहेत हेच बरं. बटाटे किसून मिल्काओच्या भाकऱ्यांसाठी पिळून ठेवायचे, शिंपले, मेंढी, प्यायला सफरचंदाची आंबवलेली चिचा. त्रान्सितो हाताखाली आहे, म्हणजे मी तिच्या हाताखाली आहे.

“तू मिठाऐवजी साखर घातलीस,” ती आज म्हणाली.

“घातली तर घातली.”

“ओर्फेलिना, घर मोडत नसतं गं. माझ्या आजीचं घर दोनदा ओढलं, एकदा तर पाण्यावरून. आजी आत बसून मोजे विणत होती.”

“त्या घराच्या मागच्या खोलीची भिंत ठोकली होती का?”

“मला काय माहीत? का, तुझी नाही ठोकली?”

मी पुढचा बटाटा किसायला घेतला. ती कांदे चिरत राहिली, पण आधीपेक्षा हळू.

चूल, धुराडं, दारं, खिडक्या सगळं काढून झालं. घर आता तोंड उघडं टाकून उभं आहे. घराखाली दोन लांब ओंडके सरकवले आहेत, त्यांच्यावरच ते घसरत जाणार. सामान त्रान्सितोकडे नेलं. मागच्या खोलीतली फिलिदोरची खुर्ची तेवढी राहू दिली. तिला काय होणार आहे?

१६ फेब्रुवारी

काल लिहिण्याची ताकद नव्हती.

सकाळी धुकं होतं, मग उघडलं. बैलांच्या इतक्या जोड्या आल्या की सगळं कुरण गळ्यातल्या घंटांनी भरून गेलं. दोर बांधले. भावजी समोर उभे राहिले, हात वर केला, सगळे एकदम ओरडले आणि घर हललं. मी ओरडले की नाही आठवत नाही. ते मोडलं नाही. कुरकुरलं, ओंडके चरचरले आणि ते चालू लागलं, सगळ्या माणसांच्या मागं एखाद्या मोठ्या, मुकाट जनावरासारखं. बायका हसत होत्या. त्रान्सितो म्हणाली, “बघ, तुझ्यापेक्षा सरळ चालतंय.”

मग ओहोळ आला. फार खोल नाही, पण घराचं तोंड पलीकडे चढू लागलं तेव्हा पाठ अजून खाली होती. तेवढ्यात मला मागच्या खोलीच्या खिडकीची चौकट तिरकी होताना दिसली. डोळ्यांदेखत. छपराची दोन-चार लाकडी कौलं सुटून ओहोळात पडली. आत कुठंतरी काड्कन आवाज झाला.

“थांबा!” कोणीतरी ओरडलं. बैल उतारावर तसेच दोर ताणून उभे राहिले. सोडलं असतं तर घर मागं घसरलं असतं, ओढलं असतं तर खोली निखळून पडली असती.

भावजी माझ्याकडे आले. ‘मी म्हटलं होतं’ असं ते बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, “काय करू, वहिनी?”

“ठोका.”

“कुठं?”

“तुम्ही म्हणाला होतात तिथंच.”

ओसरीतलं ते लाकूड घराबरोबर आलंच होतं. तिरक्या झालेल्या घरात जायला कोणी कोणाला सांगेना. भावजी ते उचलून आत चढले. एका माणसाने खालचं टोक धरल्याशिवाय जमणार नव्हतं. मी चढले. त्यांनी “खाली उतरा” म्हटलं, मी ऐकलं नाही. खुर्ची एका कोपऱ्यात जाऊन उलटी पडली होती.

मी लाकूड खांबाच्या तळाशी दाबून धरलं, माझा खांदा फळ्यांना लागला होता. भावजींनी वरचं टोक वाशाला ठोकलं, मग खालचं, मग मधलं. मधला खिळा डागाच्या बाजूने गेला नाही, डागातूनच गेला. फळी बोटभर चिरली. मी बघत होते. हात हलू दिला नाही, एवढंच लिहिते.

मग बाहेर आलो. भावजींनी हात वर केला. सगळे ओरडले. घर ओहोळातून वर आलं.

त्यानंतर काही झालं नाही. तेच मला खरं वाटत नाही. विशालकोन, विषमभुज, सातांतला सगळ्यांत दरिद्री म्हणून मी ज्याला शेवटी बसवलं होतं, त्याने खोली झाली होती तशी वाकडीच पण घट्ट धरून ठेवली, थेट चॅपेलच्या वरपर्यंत. दुपारी कुरांतोचा खड्डा उघडला. सगळे जेवले. भावजी पहिल्यांदाच दोनदा वाढून घेताना दिसले.

२० फेब्रुवारी

आज तिरकी लाकडं काढायचं काम झालं. ज्यांची आणली होती त्यांची परत गेली. भावजींनी मागच्या खोलीतलं काढताना मला हाक मारली नाही, मी स्वयंपाकघरात होते, पण खिळे निघताना ऐकू आले.

चिरलेली फळी बदलू का, विचारलं त्यांनी. नको म्हटलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. उलट म्हणाले, “दादा तिथं बसायचा तेव्हा मी समोर लाकडाच्या खोक्यावर बसायचो.” मला तोपर्यंत वाटत होतं की त्या भिंतीबद्दल फक्त मला माहीत आहे.

इथून पाणी दिसत नाही. मागच्या खिडकीतून दुसऱ्यांच्या मेंढ्या दिसतात. अजून सवय नाही. सकाळी दोनदा खिडकीपाशी गेले आणि काय बघायला आले होते ते विसरले.

२३ फेब्रुवारी

दारं बसवायला भावजी आले. पुढचं बसलं, स्वयंपाकघराचं बसलं. मागच्या खोलीचं बसेना. वर एका बाजूला अडायचं, दुसऱ्या बाजूला फट राहायची. चौकट ओहोळात तिरकी झाली ती झालीच.

“दोन मार्ग आहेत,” ते म्हणाले. “त्या बाजूच्या सगळ्या फळ्या काढायच्या, खांब ओढून सरळ करायचा, चौकट गुण्यात आणायची. मग खोली पहिल्यासारखी होईल.”

“नाहीतर?”

“नाहीतर खोली आहे तशी राहू द्यायची आणि दार तिच्या मापाचं कापायचं.”

मी सुतळी काढली नाही. चौकटीकडे बघितलं. ती पहिल्यासारखी करायची म्हटलं तर करता आली असती.

“दार कापा,” मी म्हटलं.

त्यांनी दार ओसरीत आडवं घातलं, वरच्या कडेवर पेन्सिलीने तिरकी रेघ मारली आणि करवत चालवली. एक लांब, बारीक तुकडा सुटून खाली पडला. एका टोकाला बोटभर रुंद, दुसऱ्या टोकाला काहीच नाही.

“हा कोण?” भावजींनी विचारलं.

“काटकोन,” मी म्हटलं. “आणि विषमभुज.”

तुकडा उचलून आत नेला आणि चुलीत टाकला. वाळलेलं लाकूड, लगेच धरलं. भावजींनी दार बिजागऱ्यांवर चढवलं, मी खालून आधार दिला. मग लावून बघितलं. लागलं.